रंग, धागा, ओवी: घरातल्या वयस्कर माणसाचं मन मोकळं व्हावं म्हणून आठवड्यातला एक तास कसा करायचा

माझे सासरे कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सासूबाई गेल्या आणि त्यानंतर चार-पाच महिने ते दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून असायचे, काहीही विचारा, उत्तर एकच, "बरं हाय." जेवण अर्धवट, रात्री दोनला उठून बसणार, आज गुडघा दुखतोय उद्या पोट दुखतंय. आम्हाला वाटलं वय झालंय, होतं असं. डॉक्टरांकडं नेलं तेव्हा कळलं की हे डिप्रेशन आहे. म्हाताऱ्या माणसांत ते "मला उदास वाटतंय" असं बोलून येत नाही बऱ्याचदा, अंगदुखी, झोप, भूक, चिडचिड असल्या वाटेनं येतं, म्हणून घरच्यांना ओळखूच येत नाही.

गोळ्या सुरू झाल्या, झोप लागायला लागली, पण खुर्ची काही सुटेना. मग मी हौसेनं एक रंगवायचं पुस्तक आणि स्केचपेन आणले. त्यांनी पानं उलटली, हत्ती, फुगा, जोकर, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "मी काय बालवाडीतलं लेकरू हाय का?" एवढंच बोलले. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं, आधीच खचलेल्या माणसाला मी अजून लहान केलं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शेजारच्या कारखान्यातून उरलेलं रंगीत सूत आणलं होतं पिशव्या विणायला, ते सगळं गुंतून बसलं. कुणी न सांगता त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि सोडवायला लागले. तास झाला, दीड तास झाला. सोडवता सोडवता बोलायला लागले, पहिल्यांदा धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारी लाकडी नळी, उडून कपाळाला लागला तो दिवस, मुकादम काय म्हणाला, भोंगा झाला की सासूबाई डबा घेऊन गेटवर कशा यायच्या, डब्यात शेंगाची चटणी कशी बांधलेली असायची. आणि तिथं येऊन रडले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

त्या दिवसानंतर मी हा विषय, म्हणजे चित्र, सूत, गाणं असल्या कलांतून मन मोकळं करायची एक्सप्रेसिव्ह आर्ट्स थेरपी, शिकायला घेतला, एक कोर्स केला, आणि आता एका सायकॉलॉजिस्ट मॅडमच्या मार्गदर्शनाखाली आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात एका समाजमंदिरात दर गुरुवारी आज्जी-आजोबांचा ग्रुप घेतो. मी थेरपिस्ट नाही, हे आधीच सांगते. पण घरात किंवा गल्लीत सुरक्षितपणे करता येईल असं पुष्कळ आहे आणि ते कसं करायचं तेच इथं लिहितेय.

सगळ्यात आधी डॉक्टर, मग रंग

हे वगळू नका प्लीज. माणूस गप्प झालाय, विसरतोय, चिडतोय याची कारणं थायरॉईड, व्हिटॅमिन बी-बारा कमी असणं, ऐकू न येणं, एखाद्या गोळीचा परिणाम, अशी काहीही असू शकतात आणि त्यावर चित्र काढून उपयोग नाही. दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, माणसं ओळखेनात, रात्री भलतंच दिसायला लागलं, तर तो मनाचा प्रश्न समजून थांबू नका, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं असलं काहीतरी असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना. आणि "आता मला कशाला ठेवलंय देवानं", "मी गेलो की सुटाल तुम्ही" हे वाक्य म्हाताऱ्यांच्या तोंडी सारखं असतं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी हेल्पलाईन १४५६७, तिथं घरात छळ होतोय, पेन्शन अडकलीय असल्या गोष्टींसाठीही मदत मागता येते. हे दोन्ही नंबर आमच्या समाजमंदिराच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलेत.

गोळ्या चालू असतील तर त्या चालूच राहतील. आपण जे करतोय ते गोळ्यांच्या सोबत, गोळ्यांच्या बदल्यात नाही.

हे नक्की आहे काय

एक्सप्रेसिव्ह आर्ट्स थेरपी हे नाव १९७०च्या दशकात अमेरिकेत लेस्ली कॉलेजात रुजलं. शॉन मॅकनिफ, पाओलो निल ही त्यातली सुरुवातीची माणसं, आणि नॅटली रॉजर्स, म्हणजे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची मुलगी, तिनंही आपल्या पद्धतीनं हे काम वाढवलं. त्यांचं म्हणणं असं की नुसतं चित्र किंवा नुसतं गाणं असं एकच धरून बसायचं नाही, एका कलेतून दुसरीत जायचं. आधी थोडी हालचाल करायची, तिच्यातून रेष, रेषेतून शब्द, शब्दातून चाल. जी गोष्ट तोंडानं सांगता येत नाही ती हातानं सुरू होते आणि मग कुठंतरी तोंडात येते. निल यांचं एक सूत्र मला फार उपयोगी पडतं: कौशल्य कमी लागलं पाहिजे, संवेदना भरपूर. म्हणजे काम इतकं सोपं हवं की थरथरत्या हातालाही जमावं, पण त्यात जीव गुंतला पाहिजे.

रंगवायच्या पुस्तकात काय चुकलं ते मला हे वाचल्यावर कळलं. सोपं होतं, पण त्यात त्यांचं काहीच नव्हतं. सूत त्यांचं होतं.

२०१६ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता, ३९ लोकांना ४५ मिनिटं माती, कोलाज, मार्कर यातलं आवडेल ते करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांचं ते कमी झालं आणि चित्र काढायचा अनुभव असो नसो, फार फरक पडला नाही. ते लोक म्हातारे नव्हते, आणि ३९ म्हणजे काही फार नाहीत, पण "मला काय येतंय चित्र" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. आमच्याकडं हे वाक्य तीन भाषांत ऐकू येतं, मराठीत, तेलुगूत "नाकु रादु" आणि कन्नडात "ननग बरंगिल्ल". तिन्हीचं उत्तर एकच, येत नाही म्हणूनच बसलोय आपण इथं.

वस्तू कुठल्या घ्यायच्या

दुकानातला महागडा आर्ट किट घेऊ नका. त्या माणसाच्या हातानं आयुष्यभर काय केलं ते आधी विचारा आणि तिथून वस्तू उचला. सोलापुरात तर उत्तर गल्लीगल्लीत पडलेलं आहे. मिल आणि मागावरच्या माणसांना सूत, कांड्या, चादरीच्या चिंध्या, टॉवेलच्या किनारी द्या. जुन्या फोटोफ्रेमला वरखाली खिळे ठोकून ताणा (उभे धागे) बांधून द्या, बाणा (आडवे धागे) ते आपणच भरतात. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, काम केलेल्या एका आजोबांना चौकटीच्या कागदावर ठिपके भरून मोर काढायला लावला तर त्यांनी आमच्या डोळ्यादेखत डिझाईन पाडलं, माझा हात थांबला बघून. विड्या वळलेल्या बायकांची बोटं फार बारीक काम करतात, त्यांना कागदाच्या पट्ट्या, बारीक दोरा, सूप द्या, त्या गुंडाळून गुंडाळून फुलं करतात, मग सुपात मांडतात. शेतातनं आलेल्यांना ज्वारीचं कणीस, तूर, करडई, माती. शिंपी असतील तर खडू आणि कापड. शाळामास्तरांना फळा. आणि रांगोळी तर सगळ्या बायकांना, आणि आता काही आजोबांनाही.

एका आज्जींनी विडी वळायचं पान बघून तोंड फिरवलं, चाळीस वर्षं वळलं आता नको म्हणाल्या. तेही बरोबर आहे. हातातलं काम म्हणजे प्रेमच असेल असं नाही, त्रासही असतो. म्हणून समोर तीन-चार वस्तू ठेवायच्या आणि निवडायला त्यांना सांगायचं. घरात म्हाताऱ्या माणसाला निवडायला मिळतंच काय हो, भाजी दुसरं कुणी ठरवतं, चॅनल दुसरं कुणी लावतं, डॉक्टर कुठला तेसुद्धा. लाल घेऊ का पिवळा एवढी निवड सुद्धा मोठी असते.

जागा, वेळ, डोळे, गुडघे

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ला जातो, तेव्हा सकाळी साडेसातला सुरू करून नऊच्या आत संपवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असलेल्यांनी खाऊन यायचं, आणि तुमच्याकडं साखर-बिस्कीट ठेवा. खाली बसवू नका, हात टेकायला दांड्या असलेल्या खुर्च्या, समोर टेबल. संडास जवळ पाहिजे, नाहीतर बायका पाणीच पीत नाहीत आणि सांगतही नाहीत. चष्मा आणि कानाचं मशीन घातलंय का ते दारातच विचारायचं.

रंगांचं एक लक्षात ठेवा. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळं निळा, जांभळा, हिरवा हे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. आम्ही एकदा आकाशी कागदावर मोरपंखी रंग दिला होता आणि आज्जी म्हणत होत्या दिसंना बाई मला. लाल, पिवळा, केशरी, काळा-पांढरा असला ठळक फरक द्या. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवू नका, खाली गडद कापड टाका, आम्ही जुनी चॉकलेटी चादरच टाकतो. ब्रशच्या दांडीला चिंधी गुंडाळून जाड करा, संधिवाताच्या बोटांना धरता येते. कागद टेपनं चिकटवा. स्मृतिभ्रंश असेल तर हातातलं तोंडात जाऊ शकतं, मग रंग-माती नको, कणीक मळून तिला हळद किंवा बीटाचा रस लावा. मीठ घालून टिकाऊ करतात काही जण, ते इथं नको, बीपीवाले असतात.

ग्रुप असेल तर सहा ते आठ जण, जास्त नाही. घरी करत असाल तर तुम्ही आणि ते, बास, नातवंडं सुरुवातीला लांब ठेवा कारण नातवंडं आली की आजोबा परत आजोबा होतात, स्वतःचं काही बोलत नाहीत.

एक तास कसा जातो

आमचा तास असा असतो, पण घड्याळ लावून नाही. आले की पाच-दहा मिनिटं नुसतं बसणं, पाणी, कोण आलं नाही त्याची चौकशी. मग अंग हलवायचं. "हात वर करा, खाली करा" असला व्यायाम आम्ही सोडून दिला, कंटाळतात. त्याऐवजी हवेत भाकरी थापतो. खरंच. पीठ मळलं, गोळा घेतला, थापटायला लागलो, थप थप थप, प्रत्येक बाईचा ताल वेगळा असतो आणि तो पन्नास वर्षांत बदललेला नसतो. खांदे, मनगटं, बोटं सगळं हलतं आणि दोन मिनिटांत कुणीतरी कुणाला चिडवायला लागतं की तुझी भाकरी जाड झाली. आजोबा लोक आधी बघत बसतात, मग त्यांना मागाचा आवाज काढायला सांगायचा, खटक-खट खटक-खट, टाळीनं, पायानं, टेबलावर. भाकरी आणि माग असा तो ताल जुळला की हॉलमध्ये जे काही होतं ते मला लिहून सांगता येणार नाही.

तिथून सरळ हाताच्या कामाकडं. पंचवीस-तीस मिनिटं. एक छोटंसं सुचवायचं, फार मोठा विषय द्यायचा नाही. "तुमचं आयुष्य काढा" असलं कधीच नाही. "तुमच्या पहिल्या घराचं दार", "आईच्या लुगड्याची किनार", "मिलचं गेट", "आज सकाळी जाग आली तेव्हाचा रंग". शेवटचा तर एका मिनिटाचा आहे, पण जो रोज काळं फासायचा त्यानं एक दिवस कडेला पिवळी रेघ ओढली की तुम्हाला दिसतं.

मग त्या कामाला आवाज द्यायचा. हा भाग लोक विसरतात आणि नुसता हस्तकलेचा वर्ग होऊन बसतो. चित्र समोर उभं करायचं आणि विचारायचं, हे दार बोललं तर काय म्हणेल? याला आवाज आला तर कसला? याची एक ओवी होईल का? ओवी आपल्या आज्ज्यांच्या अंगातच असते, जातं गेलं, ओवी कुठं जातेय. लिहिता येत नसेल तर आपण लिहून घ्यायचं, त्यांच्याच शब्दांत, दुरुस्त न करता. एका आज्जीनं कागदाच्या विड्यांचं सूप भरलं आणि थोडा वेळ गप्प बसून म्हटलं,

"हजार विडी वळता वळता बोटं झाली माझी काळी,
लेक शाळेतून आली, जशी दारात दिवाळी."

त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. मी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे मी म्हणलं?" दोनदा वाचून घेतलं.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. उघडं पडलेलं मन तसंच घरी पाठवायचं नाही. प्रत्येकानं आज इथं काय ठेवून जातोय आणि काय घेऊन जातोय ते एका शब्दात सांगायचं, नको असेल तर नुसता हात दाखवायचा. मग चहा.

काय बोलायचं, काय नाही

"वा वा किती सुंदर" हे सगळ्यात आधी बंद करा. ऐकायला कठोर वाटेल, पण सुंदर म्हटलं की पुढच्या वेळी माणूस सुंदर काढायला बघतो आणि जे आत आहे ते आतच राहतं, आणि शेजारच्याला वाटतं माझं सुंदर नाही म्हणजे. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला. "इथं तुम्ही रंग फार दाबून लावलाय." "हे दार अर्धं उघडं आहे वाटतं." "हा माणूस एकटा उभा आहे." आणि थांबा. थांबणं शिकायला मला वर्ष गेलं, आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो.

अर्थ लावू नका. काळा रंग म्हणजे दुःख असं काही नसतं, मी एकांना विचारलं हा काळा रंग कसला तर म्हणाले आपल्या शेतातली माती की. "असं का काढलं?" असंही नको, 'का'ला जाब विचारल्याचा वास येतो. चूक दुरुस्त करू नका, गायीला पाच पाय असले तरी. आणि त्यांच्या हातातला ब्रश घेऊन "असं करा" म्हणून दाखवू नका, हात धरायचाच असेल तर विचारून.

भाषा हा सोलापुरात फार महत्त्वाचा मुद्दा आहे. बाजारात मराठी, घरात तेलुगू किंवा कन्नड, शेजारी उर्दू, असं आयुष्य काढलेली माणसं इथं आहेत, पण रडणं आणि अंगाई आईच्या भाषेत येते. तुम्हाला ती येत नसेल तर कळलं नाही म्हणून थांबवू नका, बोलू द्या, नंतर कुणाकडून तरी समजून घ्या. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे असं नाही.

कुणी रडलं तर

घाबरू नका आणि "रडू नका हो, सगळं चांगलंय" म्हणू नका. टिश्यू तोंडासमोर धरणं सुद्धा कधीकधी 'आता पुरे' असं वाटतं, जवळ ठेवा फक्त. पाणी. पाय जमिनीला टेकलेत का बघा, खुर्चीची दांडी घट्ट धरायला सांगा, हॉलमधल्या पाच गोष्टी मोजायला सांगा, श्वास लांब सोडायला सांगा. बहुतेक वेळा पाच-सात मिनिटांत माणूस परत येतो. खोदकाम करू नका. मूल गेलेलं असतं, मिल बंद पडून घर मोडलेलं असतं, नवऱ्याचा मार असतो, ते उकरून काढायचं ट्रेनिंग आपल्याकडं नाही. आलं तर ऐकायचं, धरायचं, आणि पुन्हा पुन्हा तेच येतंय, माणूस नंतर दोन दिवस जेवत नाही असं झालं तर सायकॉलॉजिस्टकडं न्यायचं.

आठवणींबद्दल थोडं. म्हातारी माणसं मागचंच बोलत बसतात याला आधी लोक आजाराचं किंवा हेकटपणाचं लक्षण समजायचे. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं मांडलं की हे आयुष्याची पुन्हा एकदा उजळणी करून त्याचा मेळ लावणं आहे, नैसर्गिक आहे, त्याला ऐकणारं माणूस पाहिजे. म्हणून तीच मिलची गोष्ट विसाव्यांदा आली तरी ऐका, एखादा तपशील वेगळा असतो. सासऱ्यांच्या धोट्याच्या गोष्टीत आठव्या की नवव्या वेळी कळलं की त्या दिवशी शेजारच्या साच्यावरच्या मित्रानं स्वतःच्या धोतराची पट्टी फाडून कपाळाला बांधली होती. तो मित्र पुढं मिल बंद झाल्यावर गाव सोडून गेला.

विसरणाऱ्यांसोबत

स्मृतिभ्रंश असेल तर "आठवतंय का?" हा प्रश्नच वापरू नका. ती परीक्षा होते आणि माणूस प्रत्येक वेळी नापास होतो. अ‍ॅन बास्टिंग नावाच्या बाईंनी १९९८ मध्ये अमेरिकेत टाईमस्लिप्स म्हणून काम सुरू केलं, त्यात आठवण्याचा आग्रह सोडून कल्पना करायला सांगतात. एक गमतीशीर फोटो दाखवायचा, ओळखीचा नको, आणि विचारायचं याचं नाव काय ठेवूया, ही कुठं चाललीय, पिशवीत काय असेल. जे उत्तर येईल ते लिहायचं, अर्थ लागो न लागो, आणि पूर्ण गोष्ट वाचून दाखवायची. आम्ही कंबर तलावावरच्या बदकाचा फोटो दाखवला होता, ते बदक पंढरपूरला चाललं होतं, एसटीनं, आणि कंडक्टरनं त्याला हाफ तिकीट दिलं. सगळे खूप हसले, त्यात एक काका होते जे मुलाला सुद्धा ओळखत नाहीत.

गाणी निवडताना त्यांच्या दहा ते पंचवीस वयातली निवडा, त्या काळातलं सगळ्यात घट्ट बसलेलं असतं. आणि नुसती गाणीच नाही, गावाचे आवाज. एक आजोबा वर्षभर अंथरुणावर, बोलणं जवळपास बंद. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत त्यांच्या सुनेनं त्यांच्या मुठीत तांदूळ दिले आणि टीव्हीवर अक्षता सोहळा लावला. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" आलं तसा त्यांचा हात उचलला आणि तांदूळ टाकले, बरोबर वेळेवर. नंतर तिनं रोज संध्याकाळी तसंच एक छोटं काम सुरू केलं, मुठीत काहीतरी द्यायचं आणि एक आवाज, कधी घंटा, कधी टाळ. तेवढा एक वेळ ते डोळे उघडून बघतात.

आधीच घरात असलेलं वापरा

बतुकम्मा बघा. नवरात्राच्या आसपास पूर्व भागात तेलुगू बायका फुलांचा थर रचतात, झेंडू, इतर रानफुलं, गोल गोल वर चढवत, मग मधे ठेवून भोवती फेर, टाळ्या, गाणं. फुलांची रचना, स्पर्श, वास, हालचाल, ताल, गाणं, सोबत, सगळं एकाच गोष्टीत. एक्सप्रेसिव्ह आर्ट्सवाले ज्याला एका कलेतून दुसरीत जाणं म्हणतात ते या बायका वर्षानुवर्षं करताहेत. हादगा-भोंडला तसाच, नागपंचमीचा फेर तसाच. ज्या आज्जीला आता फेर धरता येत नाही तिला मधोमध खुर्चीत बसवा, फुलांचा थर तिच्याकडून रचून घ्या. तिला कडेला बसवून बघायला लावू नका, मधे बसवा.

फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप

यात आमच्याकडून मोठी चूक झाली म्हणून कळकळीनं सांगते. एका आज्जींनी घराचं चित्र काढलं होतं, सगळे एका खोलीत आणि त्या बाहेर. एका कार्यकर्तीनं कौतुकानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, तो फिरत त्यांच्या मुलापर्यंत गेला आणि घरात भांडण झालं. आज्जी तीन आठवडे आल्या नाहीत. आम्ही घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून नियम आहे की चित्र ज्याचं त्याचं, न विचारता फोटो नाही, स्टेटस नाही, भिंतीवर लावायचं तर विचारून, फाडून टाकायचं म्हटलं तर फाडू द्यायचं. घरच्यांनी "आज काय बोलली आई?" विचारलं तर आम्ही सांगत नाही, जिवाला धोका असेल तेवढंच सांगतो, आणि हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असतं.

फरक पडतोय का कसं कळणार

एक वही ठेवा. त्यात चित्राचं काही लिहू नका, आठवड्यात झोप कशी होती, किती जेवले, स्वतःहून कुणाला फोन केला का, स्वतःहून काही मागितलं का, हे लिहा. आठ-दहा आठवडे तरी जाऊ द्या. पहिले दोन-तीन आठवडे काहीच होत नाही, कधी जास्त गप्प होतात. डॉक्टर पंधरा प्रश्नांची एक चाचणी घेतात म्हाताऱ्यांच्या डिप्रेशनसाठी, हो-नाही उत्तरं असतात, ती त्यांच्याकडून मधेमधे करून घ्या. माझ्या सासऱ्यांच्या वहीत सहाव्या आठवड्यात मी लिहिलंय, "आज म्हणाले हिरवं सूत संपलंय, आण." एवढंच. पण महिनोन्‌महिने काही न मागितलेल्या माणसानं हिरवं सूत मागितलं होतं.

आणि ग्रुपमधलं माणूस गेलं तर

म्हाताऱ्यांचा ग्रुप आहे, हे होणारच, आणि त्याची तयारी न करता ग्रुप सुरू करू नका. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही खुर्ची पटकन उचलून ठेवली, कुणाला वाईट वाटू नये म्हणून, आणि सगळे त्या मोकळ्या जागेकडंच बघत राहिले. आता खुर्ची तशीच ठेवतो, त्या गुरुवारी तिच्यावर त्यांनी केलेलं एखादं काम ठेवतो. कुणाला काही म्हणायचं असेल ते म्हणतं. मग प्रत्येक जण आपल्या कामातला एक धागा, एक फूल, एक चिंधी तिथं ठेवतो, ते सगळं एकत्र बांधून आम्ही दोघं-तिघं त्यांच्या घरी नेऊन देतो. पुढच्या गुरुवारी खुर्ची काढायची की ठेवायची ते ग्रुप ठरवतो. मागच्या वेळी त्यांनी ठरवलं, असू दे अजून एक आठवडा.